'थोडा आकार' म्हणजे किती?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पडलेल्या दाताच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दोन दातांवरच्या कॅपना जोडलेला खोटा दात, बसवण्याविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. लेख चांगला आहे, माहितीही चुकीची नाही. पण त्यातल्या एका वाक्यापाशी मी अडले आणि हे पत्र त्या वाक्यासाठीच लिहिते आहे. वाक्य असे : 'ब्रिजला आधार मिळावा म्हणून शेजारच्या दातांना थोडा आकार दिला जातो.'

अकरा वर्षांपूर्वी माझ्याही शेजारच्या दातांना असाच थोडा आकार दिला होता. त्यातला एक दात आता तोंडात नाही.

खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ, दंतवैद्यांच्या हिशेबात ४६ नंबर, उभी चिरली म्हणून काढावी लागली. जखम भरायला तीन महिने दिले आणि मग ब्रिज करायचे ठरले. ठरले म्हणजे डॉक्टरांनी सांगितले आणि मी मान डोलावली. पुढची उपदाढ आणि मागची दाढ, दोन्ही धडधाकट होत्या. ना कीड, ना फिलिंग. भूल दिली, ड्रिलचा आवाज बराच वेळ चालला, माप घेतले, वरून तात्पुरती प्लास्टिकची कॅप चिकटवली आणि मी घरी आले. आत काय झाले ते मला दिसलेच नाही.

दिसले ते पुढच्या भेटीत, तेही तोंडात नव्हे. लॅबमधून आलेला ब्रिज प्लास्टरच्या साच्यावर बसवलेला होता. डॉक्टरांनी तो उचलला, तर खाली दोन खुंट. माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे मला पटकन आठवले ते तासाच्या शेवटी हातात उरणारे खडूचे तुकडे. 'हे काय?' असे मी विचारले. 'तुमचेच दात,' ते म्हणाले आणि ब्रिज घेऊन माझ्याकडे वळले.

मग 'थोडा' म्हणजे किती? कॅप बसवण्यासाठी दात चहूबाजूंनी आणि वरून तासावा लागतो, कारण कॅपच्या जाडीला जागा हवी आणि ती चढवता यावी म्हणून दात वर निमुळता हवा. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे चक्क वजन करून पाहिले होते. पूर्ण कॅपसाठी दाताचा हिरडीबाहेरचा जो भाग, त्यातला साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश निघून जातो. दातावरचे एनॅमल, म्हणजे कठीण कवच, एकदा गेले की शरीर ते पुन्हा बनवत नाही. एवढे सगळे 'थोडा आकार' या दोन शब्दांत बसवणे म्हणजे घर पाडून चौथरा ठेवला आणि 'थोडी डागडुजी केली' म्हटले, असे झाले.

मुळात 'ब्रिज' हे नावच गैरसमज करून देणारे आहे. नदीवरच्या पुलाचे खांब पुलासाठीच बांधलेले असतात. इथले खांब म्हणजे आपापले काम नीट करत असलेले दोन दात. त्यांना त्यांच्या कामावरून उठवून तिसऱ्याचा भार वाहायला लावायचे. म्हणून ब्रिजचा निर्णय हा एका दाताचा नसतोच, तो तीन दातांचा असतो. मला तो एका दाताचा म्हणून सांगितला गेला. माझी तक्रार एवढीच आहे. डॉक्टरांचे हात वाईट नव्हते. कॅपच्या कडा उत्तम बसल्या होत्या, रंग असा जुळला होता की घरच्यांनाही खोटा दात ओळखता येत नसे. ते बोलले मात्र नाहीत.

पुढचे थोडक्यात सांगते. दुसऱ्या वर्षी मागची दाढ ठणकू लागली. इतका तासलेला दात काही वेळा आतल्या नसेला सोसत नाही, हे तेव्हा कळले. कॅपला वरून भोक पाडून रूट कॅनॉल झाले, भोक बुजवले, ठणका थांबला. त्यानंतर आठ वर्षे काहीच तक्रार नव्हती, आणि तेच वाईट झाले. नस काढलेल्या दाताला कीड लागली तरी तो दुखून सांगत नाही. गेल्या वर्षी जिभेने त्या बाजूला दाबले की कडवट चव यायची. दोन वेळा ब्रश करणारी मी, मला वाटले पोट बिघडले असेल. शेवटी दुसऱ्या एका दंतवैद्याकडे गेले. त्यांनी ब्रिजच्या मागच्या टोकाखाली अवजाराचे टोक अडकवून तो किंचित वर उचलला, सोडला आणि मला आरसा दिला. कॅपच्या कडेला लाळेचे बारीक बुडबुडे आले होते.

म्हणजे मागच्या कॅपखालचे सिमेंट कधीच सुटले होते. पुढची कॅप घट्ट होती, म्हणून ब्रिज निघून हातात आला नाही. प्रत्येक घासासरशी मागची बाजू केसभर खालीवर व्हायची आणि लाळ आत ओढली जायची. ब्रिज कापून काढला तेव्हा पुढचा खुंट शाबूत होता. मागचा काळा आणि मऊ. नखाने खरवडला असता तर निघाला असता. तो काढावाच लागला. माझी अक्कलदाढ तरुणपणीच गेलेली, त्यामुळे मागे खांब उरला नाही आणि नवा ब्रिज करायची सोय संपली. एका दाताची जागा भरायला निघाले होते, आता दोन जागा रिकाम्या आहेत. सध्या काढता-घालता येणारे दात वापरते आहे आणि इम्प्लांटपुरते, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्यापुरते, हाड उरले आहे का, याची तपासणी चालू आहे. दात गेल्यावर त्या जागचे हाड झिजत जाते आणि ब्रिज ते झिजणे थांबवत नाही, हेही अकरा वर्षांनी ऐकले.

आपल्या लेखात ब्रिज दहा वर्षे सहज टिकतो असे म्हटले आहे. खोटे नाही. २००४ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात दहा वर्षांनंतर सुमारे ८९ टक्के ब्रिज तोंडात होते. पण 'तोंडात असणे' याचा अर्थ बघा. माझाही ब्रिज दहाव्या वर्षी तोंडातच होता. त्या हिशेबात तो पास झाला असता. मधल्या काळात झालेले रूट कॅनॉल आणि आत चाललेली सड त्या आकड्यात दिसत नाही. कॅप ज्याची बनते ते पोर्सिलेन किंवा झिरकोनिया किडत नाही. किडतो तो खाली दबलेला दात, आणि बहुधा कॅप जिथे संपते त्या रेषेवरून.

त्या रेषेपर्यंत ब्रश पोचत नाही, विशेषतः खोट्या दाताच्या बाजूने. तिन्ही दात एकमेकांना जोडलेले असल्याने फटी साफ करायचा साधा धागा, म्हणजे फ्लॉस, तोही वरून आत जात नाही. त्यासाठी वेगळा धागा मिळतो. त्याचे एक टोक कडक असते, मधला भाग स्पंजासारखा फुगीर आणि उरलेला साधा. कडक टोक गालाच्या बाजूने खोट्या दाताखालून ओवायचे, जिभेच्या बाजूने धरून ओढायचे, फुगीर भाग आत आला की आधी एका खांबाला, मग दुसऱ्या खांबाला बिलगवून पुढेमागे फिरवायचा आणि मधे खोट्या दाताच्या पोटाखालूनही एकदा न्यायचा. नव्या डॉक्टरांनी दुसऱ्याच एका ब्रिजच्या मॉडेलवर मला हे करून दाखवले. (तेव्हा माझा निघून गेला होता, पण त्यांना शिकवायची हौस होती आणि मला शिकायची.) पहिल्यांदा दहा मिनिटे लागली, तिसऱ्यांदा दीड मिनिट. दीड मिनिटाची ही गोष्ट अकरा वर्षांत मला कोणी सांगितली नव्हती. ब्रिज बसवला त्या दिवशी सांगितले होते ते एवढेच, की आजचा दिवस कडक काही चावू नका.

हे वाचून कोणी ब्रिजच्या नावाने खडे फोडावेत असे मला म्हणायचे नाही. शेजारच्या दातांत आधीच मोठी फिलिंग असतील किंवा त्यांना कॅप लागणारच असेल, तर त्यांच्यावर ब्रिज करणे शहाणपणाचे आहे; जे तासायचे ते बरेचसे आधीच गेलेले असते. शस्त्रक्रिया झेपणार नसेल, हाड कमी असेल, जबड्याला रेडिएशन दिलेले असेल, अशा वेळी इम्प्लांटचा आग्रह धरणे चुकीचे. आणि इम्प्लांटला कीड लागत नसली तरी त्याच्याभोवतीचे हाड सुजून झडू शकते, तेव्हा सफाईतून सुटका तिथेही नाही.

लेखात ज्याचा उल्लेखही नव्हता तो तिसरा मार्ग म्हणजे चिकटवण्याचा ब्रिज. १९५५ साली दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांनी आम्लाने एनॅमल किंचित खरखरीत केले की त्यावर राळ (चिकटवायचे रेझिन) घट्ट धरते हे दाखवले. त्या पायावर १९७३ मध्ये दंतवैद्य रोशेट यांनी शेजारच्या दातामागे धातूची पातळ पट्टी चिकटवायला सुरुवात केली आणि पुढे मेरीलँड विद्यापीठात ती पद्धत सुधारली, म्हणून तिला मेरीलँड ब्रिज म्हणतात. यात खोटा दात त्याच्या बाजूला निघालेल्या अशा पट्टीने, म्हणजे पंखाने, शेजारच्या दाताला चिकटवतात, त्यामुळे तो शेजारचा दात जवळजवळ तासावाच लागत नाही. दाढांवरच्या जोरापुढे हा ब्रिज तितका टिकत नाही, पण पुढच्या दातांसाठी चांगला. त्यातली मला फार आवडलेली गोष्ट अशी, की दोन्ही शेजाऱ्यांना पंख चिकटवण्यापेक्षा एकाच शेजाऱ्याला चिकटवलेला असा ब्रिज पुढच्या दातांत अधिक चांगला टिकतो असे आढळले आहे. दोन पंखांपैकी एक सुटला तर ब्रिज जागेवरच राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली गुपचूप कीड लागते. एकच पंख असेल तर सुटल्यावर तो थेट हातात येतो, पुन्हा चिकटवता येतो. माझ्या दाढेचे जे झाले ते हेच. अर्धे सुटले आणि अर्धे धरून राहिले.

आणि एक राहिले. प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असेही नाही. मधली जागा मोकळी ठेवली तर शेजारचे दात तिच्यात कलंडू शकतात आणि समोरच्या जबड्यातला दात लांबू शकतो, म्हणून ती बहुधा भरावी. पण अगदी शेवटची दाढ गेली असेल तर थांबून विचार करायला हरकत नाही. नेदरलँड्समधले दंतवैद्य कायझर यांनी १९८१ सालीच मांडले होते की मागच्या काही दाढा नसल्या तरी साधारण वीस दातांवर माणसाचे नीट चालते.

आपण या विषयावर पुन्हा छापाल तर एवढे करा. दात तासल्यावर कसा दिसतो ते चित्र द्या, हसऱ्या चेहऱ्याचे चित्र सगळेच देतात. 'माझ्या शेजारच्या दातांची आज काय अवस्था आहे आणि ब्रिजनंतर काय होईल?' हा प्रश्न खुर्चीवर बसण्याआधी विचारायला वाचकांना सांगा. आणि ज्यांच्या तोंडात आजच ब्रिज आहे, त्यांना तो धागा कसा ओवायचा ते दाखवा. दुखत नसले तरी वर्षातून एकदा ब्रिज हलवून तपासून घ्यायला आणि खांबांचा एक्स-रे केव्हा काढायचा ते विचारून ठेवायला सांगा.

कापून काढलेला ब्रिज मी डबीत ठेवला आहे. मागच्या कॅपमध्ये आतून काळा थर अजून दिसतो. छायाचित्रासाठी हवा असल्यास पाठवून देईन, फक्त परत करावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका