गाडी निवडण्याआधी: लेकीस पत्र

ता. समुद्रपूर, जि. वर्धा
दि. 16 नोव्हेंबर 2025

चि. प्राजक्ता हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली चार गाड्यांची यादी मिळाली, आणि गुढीपाडव्याला गाडी घरी आणायची असे तू ठरवल्याचेही आईकडून कळले. रॉयल एनफिल्डची क्लासिक 350 आणि हंटर 350, होंडाची हायनेस सीबी 350 आणि ट्रायम्फची स्पीड 400, या चौघींपैकी कोणतीही घेतलीस तरी फसगत होईल असे मला वाटत नाही. प्रश्न एवढाच आहे की हिंगणघाटहून समुद्रपूरवरून गिरडच्या बाजूला तुझ्या उपकेंद्रापर्यंतचा जो रस्ता तुला रोज जाऊन-येऊन करायचा आहे, त्याला यांतली कोणती अधिक जुळते. पगार तुझा आहे आणि निर्णयही तुझाच राहील. मी फक्त माझे मत कारणांसह लिहितो.

त्या रस्त्यावर मोटारसायकल बहुतेक वेळ ताशी चाळीस-पन्नासच्या घरात चालते. आता कापसाचा हंगाम आहे, त्यामुळे जिनिंगकडे निघालेल्या बैलबंड्या आणि मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या सतत पुढे असतात, प्रत्येक गावाच्या तोंडाशी गतिरोधक असतो, आणि दिवेलागणीला रोही (नीलगाय) कोणत्या धुऱ्यावरून उडी घेईल याचा नेम नसतो. अशा ठिकाणी गाडी किती पळते यापेक्षा कमी वेगातून, गिअर न बदलता, ती किती सहज ओढते हे महत्त्वाचे ठरते. म्हणून माहितीपत्रकातला बीएचपीचा, म्हणजे ताकदीचा, आकडा आधी न पाहता टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, पाहा, आणि तो टॉर्क इंजिनाच्या किती फेऱ्यांवर मिळतो ते त्याच्याही आधी पाहा. क्लासिक आणि हंटर यांचे इंजिन एकच, 349 सीसीचे आहे; ते 4,000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर, 27 न्यूटन-मीटर टॉर्क देते. होंडाचे 348 सीसीचे इंजिन 3,000 आरपीएमलाच 30 न्यूटन-मीटर देते. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, आणि दोघींची ताकदही वीस-एकवीस बीएचपीच आहे. पण तिसऱ्या गिअरमध्ये ट्रॉलीच्या मागे रेंगाळून मग रस्ता मोकळा दिसताच निघायचे असेल, तेव्हा त्या हजार आरपीएमचा फायदा हाताला जाणवतो. थरथरीचे म्हणशील तर दोन्ही इंजिनांत बॅलन्सर शाफ्ट आहे. 2021 साली क्लासिक नव्या इंजिनावर आली तेव्हापासून तुझ्या मामांच्या जुन्या गाडीसारख्या मुंग्या हाताला येत नाहीत, हे मी स्वतः चालवून पाहिले आहे.

स्पीड 400 वर तुझे मन बसले आहे हे तुझ्या यादीतल्या तिच्या जागेवरूनच कळते, आणि त्यात गैर काही नाही. 398 सीसी, जवळपास 40 बीएचपी, म्हणजे बाकीच्या तिघींच्या दुप्पट ताकद, सहा गिअर, पाण्याने थंड होणारे इंजिन, आणि वजन मात्र 176 किलो. बजाजच्या चाकण कारखान्यात तयार होणारी ही गाडी कारागिरीतही कमी नाही. तिची सर्व्हिसही सोळा हजार किलोमीटरला एकदा येते. परंतु तिचा 37.5 न्यूटन-मीटर टॉर्क 6,500 आरपीएमला आणि पूर्ण ताकद 8,000 आरपीएमला मिळते, आणि तेवढे फेरे घेऊ देणारा मोकळा रस्ता तुझ्या वाटेवर फारसा नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला प्रवेशच नाही. राहता राहिला जामवरून जाणारा नागपूरचा महामार्ग. तिथे स्पीड 400 नक्कीच सुखाची आहे, पण नागपूरला तू महिन्यातून एखाद्या वेळी जातेस आणि तेही बहुधा बसने.

शिवाय 350 सीसी ही आता नुसती इंजिनाची मोजणी राहिलेली नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे, तर त्यावरच्या गाड्यांवर उपकर धरून 31 टक्के कर होता तो थेट 40 टक्के झाला. विम्यातही तीच रेघ आहे: नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो, आणि 2022 साली ठरलेल्या दरांप्रमाणे त्याचा मूळ हप्ता 150 ते 350 सीसीला 7,365 रुपये आणि त्यावर 15,117 रुपये असा आहे. एखादी कंपनी वाढलेल्या कराचा काही भार स्वतः सोसत असेल, पण तो कधीपर्यंत सोसेल याची हमी कोणी देत नाही. हार्ले-डेव्हिडसन एक्स 440 विषयी तू विचारले होतेस. ती याच कारणाने मी बाजूला ठेवली, आणि 190 किलोंच्या वरचे तिचे वजन हे दुसरे कारण.

वजनावर जरा थांबतो. चालत्या गाडीचे वजन कळत नाही. ते कळते उपकेंद्राच्या अंगणात गाडी मागे घेताना, किंवा पावसाळ्यात पांदण रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल मडगार्डात गच्च भरून चाक फिरेनासे होते तेव्हा. क्लासिक 195 किलोंची आहे, हायनेस आणि हंटर 181 किलोंच्या. गाडी एकटीने सावरायची असेल तर हे चौदा किलो लहान नव्हेत. बैठकीची उंची हंटर आणि स्पीडची 790 मिलिमीटर, हायनेसची 800 आणि क्लासिकची 805 आहे. तुझे पाय चारही गाड्यांवर टेकतील, मात्र सीट किती रुंद आहे त्यावर टाच टेकते की नुसते चवडे, हे ठरेल. हंटर वळवायला सर्वांत चपळ वाटेल, कारण तिची दोन्ही चाके सतरा इंची आहेत. पण त्याच कारणाने खड्ड्यांवर ती अधिक आदळते, आणि पोटाखाली तिला जागाही क्लासिक-हायनेसपेक्षा कमी आहे. शहरात राहणाऱ्या मुलीला मी हंटरच सुचवली असती.

टायर ही गोष्ट शोरूममध्ये कोणी बोलत नाही. आपल्याकडे कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावतात आणि काटे रस्त्यावर येतात, तेव्हा ट्यूबलेस टायर हवाच. क्लासिकच्या बऱ्याच प्रकारांना तारांची चाके आणि ट्यूबचे टायर येतात. ट्यूबमध्ये काटा गेला की हवा एकदम उतरते आणि आडगावी पंक्चर काढणारा सापडेपर्यंत गाडी ढकलावी लागते. हायनेसला अलॉय चाके आणि ट्यूबलेस टायर आहेत. क्लासिक घ्यायची झाली तर अलॉय चाकांचाच प्रकार घे, मग रंग मनासारखा नसला तरी चालेल. त्याचबरोबर मधला स्टँड आहे की नाही ते पाहा. आपल्या मातीत चेन लवकर कोरडी पडते, ती पुसून तेल द्यायला मागचे चाक अधांतरी लागते. क्लासिक आणि हायनेसला तो स्टँड आहे, स्पीड 400 ला नाही.

ब्रेकच्या बाबतीत एकच आग्रह धरतो: दोन्ही चाकांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, असलेलाच प्रकार घ्यावा. 125 सीसीच्या वरच्या सर्व गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, पण नियम एका चाकावरही भागतो, आणि हंटरच्या सर्वांत स्वस्त प्रकारात मागे ड्रम ब्रेक देऊन तसेच भागवलेले आहे. हायनेसला दोन्ही चाकांवर एबीएस आहे आणि मागचे चाक चिखलात घसरू लागले की ताकद आपोआप कमी करणारे ट्रॅक्शन कंट्रोलही आहे, जे एनफिल्डच्या या दोघींत नाही. मात्र सुट्या गिट्टीवर एबीएसची गाडी थांबायला जरा जास्त अंतर घेते, हे ध्यानात असू दे.

एवढे लिहिल्यावर माझा कौल हायनेसकडे आहे हे तू ओळखले असशीलच. तिची टाकीही पंधरा लिटरची आहे, बाकीच्यांची तेरा. तिच्या विरोधात एक गोष्ट खरोखर जड आहे: होंडाच्या या गाड्या नेहमीच्या शोरूमला न मिळता बिगविंग नावाच्या वेगळ्या दुकानांत मिळतात, तर एनफिल्डचे काम येणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही भेटतो. वर्षातून दोन-तीनदा सर्व्हिसला नागपूर गाठणे मी अडचण मानत नाही. पण गाडी आडवी होऊन क्लच लिव्हर मोडला तर तो किती दिवसांत मिळतो, हे पैसे भरण्याआधी विचारून घे आणि उत्तर सर्व्हिसच्या माणसाकडून घे, विक्रीच्या माणसाकडून नको. तो आठवड्याच्या पुढची मुदत सांगू लागला तर अलॉय चाकांची क्लासिक घेऊन मोकळी हो. तिच्यावर मी नाराज होणार नाही.

नागपूरला गाड्या पाहायला जाशील तेव्हा आईला बरोबर ने. मागे बसणारी तीच आहे, आणि साडी नेसून एका अंगाने बसल्यावर पाय ठेवायला जागा कुठे येते व साडीगार्ड पुरेसा आहे का, हे तिच्याशिवाय कोणाला कळणार नाही. तिला मागे बसवून तिसऱ्या गिअरमध्ये ताशी तीसवर गाडी आण आणि तिथूनच अॅक्सिलेटर दे. हायनेस आणि क्लासिक दोन्हींवर हेच कर. निघण्याआधी दोन दिवस कळव, म्हणजे कापसाच्या वेचणीच्या मजुरांचे पाहून मीही येतो.

तुझा,
बाबा