विषय : ‘खारी’ या कुत्रीला घर मिळेपर्यंत मुदत मिळणे व सात दिवसांची नोटीस मागे घेणे याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, कोलशेत रोड, ठाणे (प.)

महोदय,

स. न. वि. वि.

बी विंगच्या जिन्याखाली असलेल्या खारीला सात दिवसांत ‘आवाराबाहेर सोडून यावे’ अशी नोटीस समितीने बोर्डावर लावली आहे. याच विषयावरच्या माझ्या लेखी अर्जाची साधी पोचसुद्धा मिळालेली नाही. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाच्या अर्जावर समितीने पुढच्याच सभेत निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत तो कळवायचा असतो. पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या तोंडी तक्रारीवर मात्र लगेच नोटीस निघाली, तीही लेटरहेडवर. असो.

कुत्री इथून जावी असे काकांना वाटते. मलाही तेच वाटते. त्यांना ती कुठेही गेली तरी चालेल, मला ती कोणाच्या तरी घरात जायला हवी आहे. आणि या घडीला तिला घर मिळण्यातली सगळ्यात मोठी अडचण आपले गेट आहे.

आधी सात दिवसांचे बघू. खारीला गोचीडताप आहे. त्यावरची डॉक्सीसायक्लिनची गोळी २८ दिवस द्यावी लागते, मध्येच सोडली तर ताप उलटतो. गोळी रिकाम्या पोटी दिली की उलटून पडते, म्हणून आधी कांदा-लसूण नसलेला चिकनभात. रेबीजची लस झाली आहे. सेव्हन-इन-वनचा (सात आजारांवरच्या एकत्रित लशीचा) पहिला डोस झाला, दुसरा २१ दिवसांनी. जंताची गोळी दर १० किलोला एक, ती १६ किलोची आहे म्हणून दोन. नसबंदी झालेली आहे, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. शंका असेल त्याने खाली येऊन बघावे, ती कान दाखवते, पोटही दाखवते. अर्धवट औषधावरचे कुत्रे कोणी घेत नाही, आणि घेतले तर आठ दिवसांत परत आणून देतात. जिन्याखालच्या भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवून द्या असे अर्जात लिहिले होते, तेही याचसाठी. गोचीड अंडी तिथे घालते, कुत्र्याच्या अंगावर नाही. नुसते कुत्र्याला औषध लावून भागत नाही.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी ‘येऊरला सोडून या’ असे सुचवले आणि त्याला अंगठेही आले. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे बिबटे आहेत, हे ठाण्यात राहणाऱ्याला सांगायला लागू नये. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदी केलेले कुत्रे जिथून उचलले तिथेच परत सोडायचे असते. शिवाय एक कुत्रे हलवले की त्याच्या जागी ढोकाळीच्या कचऱ्यावरचे दुसरे येते, आणि त्याची नसबंदी झालेली असेलच असे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटके कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची सोय सांगितली आहे. मात्र घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी घेणाऱ्याची.

काकांची तक्रार ‘अंगावर येते’ अशी आहे. अंगावर येते हे खरे. चावायला नव्हे, भेटायला. मागच्या दोन पायांवर उभी राहते आणि पुढचे पंजे समोरच्याच्या कमरेला लावते. आपण ओरडलो किंवा हाताने ढकलले की तिला तो खेळ वाटतो आणि ती दुप्पट जोराने येते. त्या वेळी अंग बाजूला वळवून, हाताची घडी घालून, तिच्याकडे न बघता उभे राहायचे. चारही पाय जमिनीवर टेकले की मग हात लावायचा. वॉचमनना हे एकदा सांगितले, त्यांच्या अंगावर ती आता येत नाही. काका मात्र रोज छत्री उगारतात आणि रोज तेच होते.

आता गेटबद्दल. ऐरोलीहून एक कुटुंब मुलांसह तिला बघायला आले होते. आधी फोनवर सगळे विचारून झाले होते : घर स्वतःचे की भाड्याचे, भाड्याचे असल्यास मालकाची लेखी परवानगी, घरातल्या सगळ्यांची तयारी आहे का, दिवसभर घरी कोण असते, गॅलरीच्या ग्रिलमधून कुत्र्याचे डोके बाहेर जाते का. त्यानंतर भेट, मग त्यांच्या घरी जाऊन पाहणी, मग १५ दिवस ठेवून बघणे आणि शेवटी ओळखपत्राच्या प्रतीसह दत्तकपत्र व महापालिकेचा परवाना, असा हा क्रम असतो. त्या कुटुंबाची गाडी आधी गेटबाहेरच थांबवली गेली. तेवढ्यात काका गेटवर आले आणि ‘चावरी आहे, घेऊन पस्तावाल’ म्हणाले. धाकट्या मुलीने हातातली बिस्किटे मागे लपवली. ते लोक गाडीतून उतरलेच नाहीत. सोसायटीत भटकी कुत्री नकोत म्हणणाऱ्यानेच कुत्री न्यायला आलेल्यांना परत पाठवायचे, हे तर्कशास्त्र समितीने मला समजावून सांगावे.

नवीन घरी पहिले तीन दिवस कुत्रे धड खात नाही, कोपऱ्यात बसते, आणि दार उघडे दिसले की पळते. गावठी कुत्र्याची मान जवळजवळ डोक्याएवढीच जाड असते, त्यामुळे मागे सरकून पट्ट्यातून डोके काढणे तिला सहज जमते. म्हणून एक दोरी गळ्याच्या पट्ट्याला आणि एक हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला), अशा दोन दोऱ्या पहिले काही आठवडे लागतात. हे सगळे घेणाऱ्यांना खाली अर्धा तास बसवून, चालवून दाखवावे लागते. गेटबाहेर, कोलशेत रोडच्या ट्रकांमध्ये ते होत नाही.

स्वच्छतेचा प्रश्न निघालाच आहे, तर काकांच्या खिडकीखालच्या कबुतरांकडेही समितीने बघावे. रोज सकाळी ज्वारी पडते, खालच्या तीन गाड्यांची टपे पांढरी होतात, आणि कबुतरांच्या विष्ठेने फुप्फुसाचा आजार होतो हे कोणताही डॉक्टर सांगेल. त्यावर नोटीस नाही. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटावर नाही. दुचाकीच्या जागेत ठेवलेल्या जुन्या फ्रिजवरही नाही. बी विंगमधल्या बहुतेक सभासदांचे मत माझ्यासारखेच आहे. पार्किंगचा ड्रॉ तोंडावर असल्यामुळे सही करायला कोणी पुढे येत नाही, एवढेच.

तरी विनंती अशी की औषधाचा कोर्स आणि दुसरी लस होईपर्यंत नोटीस स्थगित ठेवावी, आणि पंपरूमशेजारची रिकामी केबिन तोवर वापरू द्यावी, म्हणजे जिन्याचाही प्रश्न मिटेल. शनिवार-रविवारी तिला बघायला येणाऱ्यांना रजिस्टरमध्ये नोंद करून आत सोडावे, तसे वॉचमनना लेखी द्यावे. हे मान्य नसेल तर समितीचा कोणता पदाधिकारी तिला कोणत्या ठिकाणी नेऊन सोडणार आहे ते सहीशिक्क्यानिशी कळवावे. पुढचा पत्रव्यवहार मग त्या सहीच्या आधारे करता येईल.

आपला विश्वासू,
सभासद, बी विंग

प्रत : मा. सचिव, मा. खजिनदार (माझी देखभाल वर्गणी या महिन्यापर्यंत भरलेली आहे)

ता. क. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता कळव्याचे एक जोडपे येणार आहे. गाडी पाहुण्यांच्या जागेत लावतील. त्या वेळी गेटवर फक्त वॉचमन असावेत.