उंदराचा दात आणि आजींची कवळी

मूलपेशींपासून (ज्यांतून इतर पेशी घडतात त्या पेशी) नवा दात उगवण्यावरचा रविवार पुरवणीतील लेख चांगला आहे. ‘कवळी विसरा’ हा मथळा मात्र घाईचा वाटला. उंदराच्या पटाशीच्या दातांच्या मुळाशी मूलपेशी आयुष्यभर टिकतात, म्हणून ते झिजले तरी वाढत राहतात. या पेशींवर मायक्रोआरएनए या जेमतेम २२ रासायनिक ‘अक्षरां’च्या चिमुकल्या रेणूंचा (२०२४चे नोबेल यांच्याच शोधाला) अंकुश असतो. जनुकाचा निरोप प्रथिन बनण्याआधीच ते अडवतात. उंदरांवरच्या प्रयोगात दाताच्या आवरणपेशींत हे रेणू तयार होणेच थांबवले, तेव्हा फाटे फुटलेले, इनॅमल नसलेले दात आले. सोमवारी माझ्या दवाखान्यात एक आजी कात्रण घेऊनच आल्या, कवळीचे माप द्यायला तयार होईनात. ‘प्रयोग उंदरांवरचा’ एवढी ओळ तरी मथळ्याखाली ठळक छापावी.

— एक दंतवैद्य, राजारामपुरी, कोल्हापूर