कांदळाच्या शेंगा कचऱ्यात टाकू नका

संपादक महाशय, स.न.वि.वि.

परवा आमच्या आचऱ्याच्या खाडीत साफसफाई झाली, चांगलं काम केलं पोरांनी, पण प्लॅस्टिकसोबत काठावरच्या लांब हिरव्या शेंगाही गोणीत भरल्या. त्या बघून पोटात तुटलं म्हणून लिहितोय. अहो ती शेंग नसते, ते रोप असतं!

कांदळ म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात वाढणारं खारफुटीचं झाड. त्याचं बी झाडावर फळातच रुजतं. कोंब फळाबाहेर येतो आणि महिनोन्महिने आईच्या अंगावर लोंबकळत वाढतो, शेवग्याच्या शेंगेसारखा, चांगला हात-दीड हात लांब. खालचं टोक अणकुचीदार, वर पिवळसर गळपट्टी दिसली की समजायचं तयार झालं. ओहोटीला पडलं तर कधी तिथेच चिखलात रुततं, भरतीला पडलं तर आडवं तरंगत जातं, मग हळूहळू खालचं टोक जड होऊन उभं राहतं आणि उथळ गाळ लागला की मुळं सोडतं. खाऱ्या पाण्यात नुसतं बी रुजणं अवघड, म्हणून झाडच ते काम आधी करून देतं. तिवर या दुसऱ्या खारफुटीच्या झाडाचं वेगळं, त्याचा कोंब सालीच्या आतच थांबतो, पडल्यावर साल सुटते. आणि आपल्या राज्याचा कांदळवृक्ष, म्हणजे राज्याचं खारफुटीचं झाड, पांढरी चिप्पी, तिच्या फळात मात्र साध्याच बिया असतात.

2018 साली मुंबई हायकोर्टाने कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, तोडण्यावर बंदी घातली, भोवती 50 मीटर जागा राखायला सांगितली. पण पिल्लंच गोणीत गेली तर नवीन झाड कुठून येणार? पुढच्या वेळी प्लॅस्टिक तेवढं उचला, शेंगा राहू द्या चिखलात.

एक वाचक, ता. मालवण