मचाणावर सपत्नीक

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या सुट्या जवळ आल्या की आपल्या दैनिकात जंगल सफारी आणि गिरिभ्रमणाविषयी भरपूर माहिती येते आणि ती मी आवडीने वाचतो. त्याच अनुषंगाने नागपूरकर कुटुंबांतील एका जुन्या सवयीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला आणि बोर ही जंगले आपल्या शहरापासून दोन तासांच्या आत आहेत आणि थोडे लांब जायची तयारी असेल तर ताडोबा, नागझिरा, मेळघाटही आहेत. एवढे रान उशाशी असताना आपल्याकडचे पुरुष तिथे जातात ते बहुधा मित्रांसोबत, आणि पत्नीच्या वाट्याला येतात ती लग्नकार्ये, देवदर्शने आणि फार तर फुटाळ्याच्या काठावरची एखादी संध्याकाळ. मी स्वतः पन्नाशी गाठेपर्यंत असाच वागलो, याची मला आज मनापासून खंत वाटते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर नागरिकांना बसू देतो, हे विदर्भातील निसर्गप्रेमींना ठाऊक आहेच. काही वर्षांपूर्वी मित्राला सवड नव्हती, म्हणून या ‘निसर्गानुभवा’साठी मी पत्नीच्या नावाने अर्ज भरला. दुपारी मचाणावर चढलो, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरायचे होते. मे महिन्याचे ऊन, पानगळीने उघडा पडलेला साग, खाली आटत चाललेले पाणी आणि आमच्यामध्ये दशम्यांचा डबा. बोलायचे नाही, हा तिथला पहिला नियम. घरी आमचे बोलणे किराणा, मुलाची फी आणि आईची औषधे एवढ्यावरच आले होते. तेही बंद झाल्यावर, आपण शेजारी कोणाच्या बसलो आहोत, याकडे मी कित्येक वर्षांनी नीट पाहिले.

रात्री अकराच्या सुमारास तिने माझ्या मनगटावर दोन बोटे टेकवली. मला काहीच दिसेना. तेव्हा तिने माझी हनुवटी हलकेच डावीकडे वळवली आणि जांभळीच्या सावलीतून पाण्याकडे येणारी अस्वलाची मादी मला दिसली. तिच्या पाठीवर पिल्लू घट्ट बिलगलेले होते. ती पाणी पिऊन जाईपर्यंत आम्ही श्वासही बेताने घेत होतो. इतकी वर्षे जंगलात जाणारा मी होतो, पण त्या रात्री जाणती तीच होती. पुढे आळीपाळीने झोपायचे ठरले, तेही खुणांनीच. ती जागी आहे या भरवशावर मी निर्धास्त झोपलो. हा भरवसा संसारात मी रोजच गृहीत धरत आलो होतो, पण त्याची जाणीव ठेवली नव्हती.

घरात कोणी काय करायचे, कोणी कशातले समजते आणि कोणाचे ऐकायचे, हे लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ठरून जाते आणि मग त्या वाटणीकडे कोणी फिरून पाहत नाही. अनोळखी वाटेवर, अंधारात किंवा चढणीवर ती वाटणी टिकत नाही. ज्याचा पाय घसरतो त्याला हात मागावाच लागतो, मग घरात त्याचा हुद्दा काहीही असो. मागितलेला हात मिळतो, ही साधी गोष्ट अंगावर अनुभवल्यावर ती घरी परतल्यानंतरही सोबत राहते, असे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो.

मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याच दिशेने शोध घेतला होता. काही जोडप्यांची मनगटे आणि घोटे एकमेकांना बांधून, गाद्यांवरून रांगत, एक उशी हात किंवा दात न लावता दोघांच्या अंगांमध्ये धरून अडथळ्यापलीकडे न्यायला त्यांना सांगितले गेले. दुसऱ्या गटाला चेंडू ढकलत नेण्याचे संथ काम दिले गेले. सात मिनिटांच्या या खटाटोपानंतर पहिल्या गटातील जोडप्यांना आपल्या नात्याविषयी वाटणारे समाधान अधिक वाढलेले आढळले. सात मिनिटांवरून उभ्या संसाराचे अनुमान काढता येणार नाही, हे मान्य आहे. मात्र त्यामागचा ॲरन यांचा विचार मला पटतो: सुरुवातीला जोडीदारामुळे माणसाचे जग झपाट्याने मोठे होते, ओळख पुरी झाली की तो वेग मंदावतो आणि दोघांनी मिळून केलेली नवी, थोडी थरारक गोष्ट तो पुन्हा आणू शकते.

ही परदेशातून आलेली हौस आहे, असे मात्र कोणी समजू नये. श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या डोंगरातील नागद्वारच्या यात्रेला विदर्भातून हजारो भाविक जातात. भर पावसात, निसरड्या दगडांवरून आणि लोखंडी शिड्यांवरून होणाऱ्या त्या पायपिटीत मी साठीपुढची शेतकरी जोडपी पाहिली आहेत. आयुष्यभर एकमेकांचे नाव न घेतलेली ती माणसे चढावर चारचौघांत बिनदिक्कत एकमेकांचा हात धरतात.

अर्थात, पत्नीला फरपटत नेणे म्हणजे सोबत नव्हे, आणि वाटेत गुरुजी होऊन प्रत्येक झाडाचे नाव विचारत बसणे हेही नव्हे. वेग कमी असलेल्याच्या पावलाने चालावे, कुठे थांबायचे हे दोघांनी ठरवावे. पावसाळ्यात धबधब्याच्या कडेवर फोटोसाठी उभे राहण्याला तर मी साहस मानतच नाही. ज्यांना एकदम जंगल नको असेल त्यांनी रामटेकला गाडीने वर न जाता अंबाळा तलावाकडच्या पायऱ्या चढून गडमंदिर गाठावे. तिथेही अर्ध्या वाटेवर धाप लागते, आणि एकाच बाटलीतले पाणी दोघांना पुरवावे लागते.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की सफरींची माहिती देताना चाळिशी-पन्नाशीतील दांपत्यांचे अनुभवही छापावेत, म्हणजे ‘आता या वयात काय’ म्हणून घरी राहणाऱ्या स्त्रियांना आणि त्यांना न विचारताच निघणाऱ्या पुरुषांना ते वाचायला मिळतील. माझ्या जुन्या गटातील दोन मित्रांनी यंदाच्या नागद्वार यात्रेला प्रथमच सपत्नीक येण्याचे कबूल केले आहे. त्यांच्या पत्नींना पावसाळी बूट कोणते घ्यावेत हे सांगण्याचे काम माझ्या पत्नीने स्वतःकडे घेतले आहे.

आपला नम्र,
एक वाचक, नागपूर