देवास नाक्याच्या टायरवाल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तर "गिऱ्हाईक उभं आहे" म्हणून ठेवून देता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नातीकडून वाचून घ्या, चष्मा शोधत बसू नका.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तुमच्या दुकानात शिरलो तो भांडायलाच. टायर तुमच्याकडून घेतलेला नव्हता, पण राग कुठेतरी काढायचा होता. हातात फुटलेल्या टायरचा वीतभर तुकडा. इंदूरहून नाशिकला सोयापेंड घेऊन निघालेली गाडी जुलवानियाजवळ भर दुपारी रस्त्यावर बसली होती. मागच्या जोडीतला टायर उडाला, मडगार्ड घेऊन गेला. आणि उडाला कोणता, तर सव्वा महिन्यापूर्वी घातलेला कोरा! शेजारचा घासून गुळगुळीत होत आलेला म्हातारा मात्र शाबूत. माल खोटा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

तुम्ही तुकडा नाकाशी नेलात आणि म्हणालात, "हा आधी जळला, मग फुटला." पोराला सुतळी आणायला लावलीत. दुकानातल्या त्याच मापाच्या, 10.00-20 च्या कोऱ्या टायरला वेढा देऊन गाठ मारलीत, मग तीच सुतळी माझ्या म्हाताऱ्याला गुंडाळलीत. चार बोटं सुतळी उरली. "जोडीतली दोन्ही चाकं एकाच चालीने फिरणार. मोठा आहे तो ओझं उचलणार, छोटा नुसता सोबत पळणार. तू एकट्या पोराच्या डोक्यावर दोघांची गोणी दिलीस." मी गप्प. मग तुम्ही हळूच विचारलंत, "वाटेत हवा सोडलीस ना?" सोडली होती. धामनोदच्या ढाब्यावर हात लावला तर टायर तव्यासारखे, म्हणून ड्रायव्हरने आणि मी मिळून थोडी थोडी हवा काढली. शहाणपणाच केला असं वाटलं होतं. तापल्यावर हवेचा दाब वाढणारच, तो काढला की टायर बसतो, बाजू जास्त वाकते, आणखी तापतो. हवा मोजायची ती सकाळी, गाडी थंड असताना. एवढी साधी गोष्ट बारा वर्षं गाडी चालवून मला ठाऊक नव्हती, याची आजही लाज वाटते.

मला त्या दिवशी दहाच्या दहा टायर बदलायचे होते, तेही सगळ्यात महागडे. तुम्हाला पैसे कमवायची आयती संधी होती. तुम्ही विचारलंत, "गाडी खदानीत जाते की हायवेवर? आणि खरं सांग, किती टन भरतोस?" मी आधी कागदावरचा आकडा सांगितला. तुम्ही नुसते बघत राहिलात. मग खरा सांगितला. खदानीत, दगडांवर धावणाऱ्याला नायलॉन धाग्यांचा टायर बरा, हायवेवर लांब पळणाऱ्याला तारांचा, म्हणजे रेडियल, कारण तो कमी तापतो. पण जादा भरलेलं ओझं कुठलाच टायर माफ करत नाही, असं सांगून तुम्ही पेंडीच्या पोत्यांचा हिशेबच माझ्याकडून करून घेतलात. पुढच्या एक्सलला दोन नवे रिब, म्हणजे सरळ लांब खाचांचे टायर, दिलेत. पुढचे काढलेले, एका मापाचे, मागे एका जोडीत लावलेत. दोन केसिंग, म्हणजे घासलेल्या टायरांचे सांगाडे, ठोकून, चाचपून रबर चढवायला पाठवलीत. पुढच्या चाकांना असा रबर चढवलेला रिमोल्ड कधीच नाही, हे तीनदा बजावलंत. आणि एक टायर माझ्या हातातून काढून घेतलात. त्याच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे दाखवलेत, 1419. म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. "दुकानात पडून म्हातारा झालाय. तुला नाही देत." स्वतःचा माल असा कोण नाकारतं हो?

गळाचं तर काय सांगू. मी बारा फुटी कार्बनचा रॉड घेऊन मिरवत आलो तेव्हा तुम्ही पोहे खाताखाता एवढे हसलात की शेव उडाली. नंतर खलघाटकडे नर्मदेच्या काठावर परत तेच: "कुठला मासा? खरं सांग, पाणी किती खोल?" कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. हे कळेपर्यंत मी जड शिसं लावून कटल्याची वाट बघत होतो! रॉड तुमचाच, जुना फायबरचा, सात फुटी, वापरून बघितला आणि माझा त्या दिवसापासून माळ्यावर गेला.

तुमची एक युक्ती मी सगळ्यांना दाखवतो. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, आठ किलो झेपणारा असेल तर दोन लिटर पाण्याची भरलेली बाटली टोकाला लटकवायची आणि रीलचा ड्रॅग, म्हणजे धागा सोडण्याचा ब्रेक, एवढाच आवळायचा की बाटली हळूहळू खाली सरकेल. मोठा मासा ओढेल तेव्हा तंगूस सुटत राहील, तुटणार नाही. (तंगूस हा शब्द तुमच्या रत्नागिरीचा. आमच्या इंदौरी मराठीत सगळे 'डोर' म्हणतात, आता मीही तंगूस म्हणतो.) गाठ आवळताना थुंकी लावायची, नाहीतर कोरड्या घर्षणाने नायलॉन तापतो आणि गाठीतच दम तोडतो. त्या संध्याकाळी तुम्ही तापलेल्या टायरच्या जुन्या तुकड्यातला नायलॉनचा धागा आणि तंगूस शेजारी धरून दाखवलेत. मला जुलवानियाचा वास परत आला.

आभार मानायचे तर ते पैशांचे नाहीत, ते मी चुकते केलेत, फक्त एका फ्लॅपचे, ट्यूब आणि रिममधल्या रबरी पट्टीचे, राहिलेत. आभार त्या "खरं सांग"चे.

मासेमारीची बंदी 15 ऑगस्टपर्यंत आहे. 16 ला पहाटे पाचला गाडी घेऊन दारात येतो. कणीक मी मळून आणतो, तुम्ही गळाची डबी तेवढी विसरू नका, मागच्या वेळी ती वजनकाट्यावरच राहिली होती.

आपला,
दहा चाकीवाला
इंदूर