शनिवार की रविवार? आई-बाबांना पत्र

निपाणी

ति. आई आणि बाबांस,
सप्रेम सलाम.

बाबा, तुमचे प्रश्न आणि घरोघर फिरणाऱ्या त्या शनिवारवाल्या बंधूंनी वाटलेली पत्रकं, दोन्ही नीट वाचलं. शनिवार हाच खरा शब्बाथ, म्हणजे देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, रविवार रोमच्या बादशहानं घुसडला, आणि रविवारी देवळात जाणाऱ्यावर श्वापदाची खूण, म्हणजे प्रकटीकरणातल्या देवाच्या वैऱ्याची खूण, बसते, असा एकूण मजकूर आहे. आधी निकाल सांगते, म्हणजे रात्री झोप लागेल. दहा आज्ञा रद्द झालेल्या नाहीत. त्यांतल्या नऊ आज्ञा प्रेषितांनी आपल्या पत्रांतून मंडळ्यांना पुन्हा बजावल्या आहेत. शनिवार पाळणं मात्र तारणाची अट म्हणून कुठल्याही मंडळीवर घातलेलं नाही. जो पाळतो त्यानं पाळावा, आपण त्याला नावं ठेवू नयेत, आणि त्यानंही आपल्याला घाबरवू नये.

आता त्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करू. शब्बाथ म्हणजे सातवा दिवस, शनिवार, याबद्दल वाद नाही. मधल्या काळात वारच हरवले असतील असं आपल्या मंडळीत कोणी म्हणालं तर ते खोडून काढा. 1582 साली पोपनं पंचांग सुधारलं तेव्हा गुरुवार 4 ऑक्टोबरनंतर शुक्रवार 15 ऑक्टोबर आला. तारखा दहा गळाल्या, वारांची माळ तुटली नाही. आणि "शब्बाथ रविवारी हलवला" असं वाक्य नव्या करारात कुठंही नाही. आपले काही उपदेशक ते ठोकून देतात आणि मग शनिवारवाले बंधू पुस्तक उघडून वचन दाखवा म्हणाले की तोंडघशी पडतात. बाबा, तुम्ही ते विधान करूच नका.

रविवारच्या बाजूनं जी वचनं दाखवतात तीही तपासून वापरा. प्रेषितांची कृत्ये 20:7 मध्ये त्रोवस इथं आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडायला मंडळी जमली, पौल मध्यरात्रीपर्यंत बोलला. यहुदी हिशेबानं दिवस सूर्यास्तापासून धरला तर ती शनिवारची रात्र ठरते. 1 करिंथकरांस 16:2 मध्ये पहिल्या दिवशी प्रत्येकानं आपल्यापाशी पैसे बाजूला ठेवावेत असं आहे, उपासनेचा उल्लेख नाही. प्रकटीकरण 1:10 मधला प्रभूचा दिवस कोणता वार, हे तिथं सांगितलेलं नाही. प्रभू पहिल्या दिवशी उठला म्हणून त्या दिवशी जमायची रीत पडली हे या खुणांवरून दिसतं. रीत दिसते, आज्ञा दिसत नाही.

पण ती रीत बादशहाची नव्हे, एवढं नक्की. जस्टिन हुतात्मा हा जुना ख्रिस्ती लेखक इ.स. 150 च्या सुमारास रोममधून लिहितो की रविवारी शहरातले नि खेड्यातले सगळे एका ठिकाणी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, मग बोध, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि शेवटी अनाथ, विधवा, आजारी, कैदी यांच्यासाठी वर्गणी. बादशहा कॉन्स्टंटाईनचा हुकूम 7 मार्च 321 चा, म्हणजे त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी. त्यानं न्यायालयं, शहरातले लोक आणि कारागिरांची दुकानं रविवारी बंद ठेवायला सांगितली. गंमत म्हणजे शेतकऱ्यांना त्यातून सूट होती, पेरणीची वेळ चुकू नये म्हणून. चौथ्या शतकातच लाओदिकीयाच्या धर्मसभेनं ख्रिस्ती लोकांनी शब्बाथाला काम बंद ठेवू नये असा नियम केला. लोक शनिवार पाळत होते म्हणूनच तो करावा लागला ना? इथिओपियाची जुनी मंडळी तर दोन्ही दिवस मानते. तेव्हा एका रात्रीत कोणी काही बदललं, ही गोष्ट दोन्ही बाजूंनी खोटी आहे.

मूळ प्रश्न असा की आज्ञा कोणाला दिली. आपल्या भागात यात्रेआधी गाव वार पाळणूक धरतं, मंगळवारी-शुक्रवारी शिवारात कोणी जात नाही. शेजारच्या गावाला ती लागू नसते, आणि ते गाव कामाला गेलं म्हणून कोणी त्याला दोष देत नाही. निर्गम 31:13 ते 17 वाचा. शब्बाथ ही देव आणि इस्राएल यांच्यामधली खूण आहे, असं तिथं स्वच्छ आहे. यावर ते बंधू उत्पत्ती 2:3 दाखवतील: देवानं सातवा दिवस सृष्टीच्या वेळीच पवित्र केला, तेव्हा यहुदी कुठं होते? मुद्दा वजनदार आहे. पण त्या ठिकाणी माणसाला पाळायची आज्ञा नाही. नोहा, अब्राहाम, याकोब यांनी शब्बाथ पाळल्याचा उल्लेख नाही. माणसांनी पाळल्याचं पहिल्यांदा दिसतं ते निर्गम 16 मध्ये, रानात देवानं दिलेल्या मान्न्याच्या, म्हणजे अन्नाच्या, वेळी: रोज माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटर, सहाव्या दिवशी दुप्पट. एरवी उरलेल्यात किडे पडायचे, शब्बाथासाठी ठेवलेलं टिकायचं.

मोशेचं नियमशास्त्र पूर्ण पाळायचंच म्हटलं तर शब्बाथाबरोबर काय काय येतं तेही बघा. गणना 28:9 प्रमाणे दोन कोकरांचा यज्ञ. निर्गम 35:3 प्रमाणे घरात विस्तव पेटवायचा नाही. गणना 15 मध्ये लाकडं वेचणाऱ्याला धोंडमार झाली. यातलं आज आपण करत नाही, ते बंधूही नाही. म्हणजे निवड सगळेच करतात. प्रश्न निवडीच्या आधाराचा आहे. नैतिक, विधींचे आणि न्यायव्यवस्थेचे असे नियमांचे तीन गट पाडायची पद्धत मध्ययुगापासून चालत आली. समजायला सोयीची आहे, पण पवित्र शास्त्रात कुठं पाटी लावलेली नाही. लेवीय 19:18 मध्ये शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर, आणि लगेच 19 व्या वचनात शेतात दोन जातींचं बी पेरू नको. उसात आंतरपीक घेणाऱ्या सगळ्या तालुक्यानं ते मोडलंय.

माझ्या मते आधार प्रेषितांकडे आहे. कृत्ये 15 मध्ये यरुशलेमेत नेमका हाच वाद झाला: विदेशी, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर मोशेचं नियमशास्त्र लादायचं का. उत्तरात चार गोष्टी आल्या: मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि व्यभिचार. शब्बाथ लादायचा असता तर ती जागा होती. पौल कलस्सैकरांस 2:16 मध्ये सण, नवचंद्र, शब्बाथ यांवरून कोणी तुमचा न्याय करू नये म्हणतो. हे फक्त वार्षिक शब्बाथ, असं ते सांगतील. पण सण वर्षाचा, नवचंद्र महिन्याचा, शब्बाथ आठवड्याचा, हेच तिन्ही एकत्र 1 इतिहास 23:31 मध्ये आणि होशेय 2:11 मध्ये आहे. रोमकरांस 14:5 तर बाबांनी तोंडपाठ करून ठेवावं: कोणी एक दिवस दुसऱ्याहून मोठा मानतो, कोणी सगळे सारखे, प्रत्येकानं आपल्या मनाची खात्री करावी. पौल शब्बाथाला सभास्थानात जाई (कृत्ये 17:2, 18:4) हे खरं, पण यहुदी लोक त्याच दिवशी भेटत.

श्वापदाची खूण मनातून काढून टाका. प्रकटीकरण 13 मध्ये वाराचा शब्दही नाही. आणि सेव्हंथ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाची अधिकृत शिकवणही आज रविवारी उपासना करणाऱ्यावर ती खूण आहे असं म्हणत नाही. घरोघर फिरणारे उत्साहाच्या भरात जास्त बोलतात.

आई, तू विचारलंस की कॅम्पातली बाई शब्बाथाला तिसरी आज्ञा म्हणते आणि आपण चौथी. आज्ञा त्याच आहेत. कॅथलिक आणि लुथरन लोक अन्य देव नकोत आणि मूर्ती नको या दोन्ही एकत्र धरतात आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन भागांत मोडतात. एवढाच फरक.

शनिवार पाळावासा वाटला तर जरूर पाळा, फक्त रीतीनं. सुरुवात शुक्रवारी सूर्यास्ताला होते. आपल्याकडे जूनअखेर तो सातच्या पुढे जातो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास येतो, म्हणजे घड्याळ लावून चालत नाही. स्वयंपाक शुक्रवारी उरकायचा: जोंधळ्याच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा दुसऱ्या दिवशी चांगले राहतात. भात आणि ओल्या खोबऱ्याची आमटी उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबते, ती ठेवू नका. वैरण शुक्रवारीच कापून गोठ्यात टाका. म्हशीची धार काढायचीच. कास तुंबली की सुजते आणि दूध नासतं. लूक 13:15 मध्ये प्रभूनंच विचारलंय, शब्बाथाला बैल सोडून पाण्यावर कोण नेत नाही? डेअरीला दूध घालायचं की घरी विरजायचं हे तुम्ही ठरवा.

उसाचं मात्र आधी बोलून ठेवा. टोळी कारखान्याच्या क्रमवारीनं येते, आपल्या वाराप्रमाणे नाही. शुक्रवारी तोडून शनिवारी भरणी अडवली तर ऊस वाळून वजन घटतं, साखरही उतरते, आणि टोळीचा खाडा पडतो तो वेगळाच. मुकादमाला सांगून गुरुवारी भरणी होईल असा फड धरा, नाहीतर त्या शनिवारी गाडी जाऊ द्या.

आणि शब्बाथ म्हणजे उपास नव्हे. बाबा, शुगरची गोळी घेऊन उपाशीपोटी दुपारपर्यंत प्रार्थनेला बसू नका. घाम सुटून हातपाय थरथरायला लागले तर लगेच साखरपाणी घ्यायचं. गोळी, इंजेक्शन, दवाखाना, यांपैकी काहीही शब्बाथाला मना नाही. प्रभूनं त्या दिवशी मुद्दाम रोगी बरे केले आणि त्यावरूनच वाद झाले.

रविवारच ठेवणार असाल तरी आज्ञेतला विसाव्याचा भाग सोडू नका, आणि इथं मला आपल्या मंडळीचं खरं खटकतं. अनुवाद 5:14 मध्ये कारण दिलंय: तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा. आपण धुतलेले कपडे घालून देवळात, आणि रोजानं आलेल्या बायका आपल्याच वावरात भांगलण करताहेत, ही कुठली पाळणूक? रविवारची भांगलण सोमवारवर टाका. घरातही तेच. दोन तासांची उपासना आटोपून आल्यावर मटण, भाकरी, पाहुण्यांचा चहा, भांडी हे सगळं आईच्या अंगावर असेल तर त्या घरात विसावा फक्त पुरुषांनी घेतला. शनिवारी रात्री मसाला वाटून ठेवणं, पोरांनी भांडी घासणं, एवढं जमण्यासारखं आहे.

यात्रेच्या मटणाचंही सांगते, कारण तो प्रश्न तुम्हाला खरा पडतो. पौलानं 1 करिंथकरांस 10 मध्ये तीन प्रसंग वेगळे केलेत. बाजारात विकतात ते घ्या, चौकशी नको. कोणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं खा, तिथंही चौकशी नको. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं तर खाऊ नका, त्या सांगणाऱ्यासाठी. म्हणजे शेजारी यात्रेला जेवायला बोलावतील तर जा, आणि ताट वाढताना देवीला वाहिलेला बकरा म्हणून सांगितलं तर भाकरी-आमटी, भाजी खाऊन या, तोंड वाकडं न करता. रक्तीचं, म्हणजे शिजवलेल्या रक्ताचं, म्हणाल तर यरुशलेमच्या चार गोष्टींत रक्त नावानिशी आहे. काही मंडळ्या तो नियम त्या काळापुरता मानतात, पण मी म्हणेन की टाळा, त्यावाचून अडत नाही.

आणि पाचवी आज्ञा. आईबापांचा मान म्हणजे लहान पोरांनी उलट बोलू नये, एवढाच अर्थ आपण रविवारच्या शाळेत शिकवतो. मार्क 7:9 ते 13 मध्ये प्रभू मोठ्या, कमावत्या मुलांविषयी बोलतोय: देवाला कुर्बान केलं म्हणून आईबापांना पैसा द्यायचा नाही, ही त्या वेळची पळवाट होती. 1 तीमथ्य 5:8 मध्ये पौल तर म्हणतो की घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासणाऱ्याहून वाईट. तेव्हा औषधांचा आणि वीजबिलाचा खर्च मी आणि दादा उचलणार आहोत, यावर बाबांनी "नको, नको" म्हणायचं नाही. पुढच्या महिन्यापासून पैसे आईच्या खात्यावर येतील.

ते बंधू पुन्हा आले तर चहा द्या, बसवा, आणि गलतीकरांस पत्राचे सहाही अध्याय त्यांच्याबरोबर एका बैठकीत वाचा. पत्रकं बाजूला ठेवून, फक्त पवित्र शास्त्र. अडलं तर वचनाचा आकडा लिहून ठेवा, मी फोनवर बघते. बाबांच्या चष्म्याचा नंबर त्याआधी तपासून घ्या, शनिवार असला तरी चालेल.

तुमची,
धाकटी